'हरिश्चंद्राची फॅक्टरी' : साधनदृष्ट्या परीक्षण

दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) कसा सिद्ध केला, हा परेश मोकाशी यांच्या या चित्रपटाचा विषय. २००९ सालीं ऑस्करकरितां भारतातर्फे तो पाठविला गेला. नामांकन मात्र मिळालें नाहीं. परीक्षकांनीं त्याचा खेळकरपणा वाखाणिला. बेलापुरांतील आमच्या पोथीसंग्राहक स्नेह्यांचा आक्षेप नेमका त्यावरच : डोळे अधू होईतों केलेले प्रयोग, गहाण पडलेली विम्याची पॉलिसी, हें सारें हंसण्यावारी नेलें म्हणून. आमच्या मतें खेळकरपणा हा दोष नव्हे. बखरकारही आपला रस निवडतोच. भय निराळें आहे. मूळ चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें एवढींच आज उपलब्ध, आणि तींही १९१७ च्या पुनर्निर्मितीचीं असावींत असें कित्येक अभ्यासक मानतात. मूळ प्रतच अशी संशयित असतां, या चित्रपटांतील चित्रीकरणाचे प्रसंग लोक प्रत्यक्ष पुरावा समजूं लागले आहेत! अव्वल साधन म्हणजे फाळक्यांचे १९१७-१८ मधील 'नवयुग' मासिकांतले लेख. ताडून पाहावयाचें तें त्यांशीं. चित्रपट ही बखर. तिला अस्सल पत्राचें मोल देतां येत नाहीं. सरस्वतीबाईंचा वांटा मात्र तींत ठळक दाखविला आहे, व तो न्याय्यच आहे.