जुनी गिटार आणि तिची खूण

नाशिकच्या आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाकडे आजोबांची फुगीर माथ्याची विद्युत गिटार आहे. गिऱ्हाइकाने आतील चिठ्ठी पाहून भाव सांगितला, पण तारा उंच केलेल्या पाहून तो निम्म्यावर आणला. ती मूळपदावर आणावी काय, असे आम्हांस विचारण्यात आले.

उत्तरादाखल आम्ही 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ची ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकली. ब्रिजभूषण काबरा यांचे वाद्य गिब्सन कंपनीचे 'सुपर ४००'. १९३४ साली निघालेली ही गिटार अठरा इंच रुंद. माथा कोरलेल्या लाकडाचा, व्हायोलिनसारखी छिद्रे, आणि नाव चारशे डॉलर किमतीवरून पडलेले. कारखान्याने वीजजोडणीसह ती १९५१पासून विकली. म्हणून खरेदीपूर्वी जोडणी मूळची की मागाहूनची, हे अवश्य पाहावे.

काबरांनी ती मांडीवर आडवी घेतली, तारा उंच केल्या, सुराची तार जोडली आणि पोलादी दांडी फिरवली. संग्राहक यास बिघाड म्हणेल. शिवकुमार शर्मांचे संतूर व हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्यापुढे गिटार काही ठिकाणी झाकोळते, हेही खरे. परंतु तिची लांबलचक मींड त्या बिघाडातूनच जन्मली आहे.

चिठ्ठी कारखाना सांगते. झीज आणि फेरफार वादकाचा हात सांगतात. घाईने दुरुस्ती केल्यास हा दुसरा साक्षीदार कायमचा मुका होईल. विकायची तर विकावी. पुसून मात्र विकू नये, असे आमचे मत आहे.