खिशातला कंपायलर आणि गाइडमधला प्रोग्राम

आजचा विषय आहे फोनवर, नेट बंद असताना सी आणि सी प्लस प्लस शिकणं. हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठलं ॲप घ्यावं?" त्याचं उत्तर आम्ही देऊ, पण थोडक्यात. आमच्या मते ॲप ही आता मोठी अडचण राहिलेली नाही. अडचण आहे ती फोनशेजारी उघडून ठेवलेल्या पुस्तकाची.

आधी ॲपचं उरकून घेऊ. अँड्रॉइडवर दोन रस्ते आहेत. एक टर्मक्सचा. काळा पडदा, त्यात 'पीकेजी इन्स्टॉल क्लँग' एवढी आज्ञा द्यायची, काही शे एमबी उतरवून घ्यायचे, आणि मग नेट बंद केलं तरी चालतं. तिथे तुम्ही 'जीसीसी' टाइप केलंत तरी काम करतो तो क्लँगच. दुसरा रस्ता सीएक्सएक्सड्रॉइडसारख्या ॲप्सचा, म्हणजे लिहायची जागा, कंपायलर आणि आउटपुट सगळं एका बटणामागे. कंपायलर दोन्हीकडे खरा आहे. मशीन कोड तुमच्याच फोनवर तयार होतो आणि फोनचाच प्रोसेसर तो चालवतो. हे खेळणं नव्हे, हे पहिल्यांदाच सांगून ठेवतो.

टर्मक्समध्ये एक ठेच हमखास लागते. डाउनलोड फोल्डरमध्ये प्रोग्राम लिहिला, कंपाइल झाला, 'ए डॉट आउट' तयार झाली, आणि चालवायला गेलं की 'परमिशन डिनाइड'. तुमचं काही चुकलेलं नसतं. फोनच्या त्या सामायिक जागेतून कुठलीही फाइल चालवायची नाही, असा अँड्रॉइडचा नियम आहे. काम टर्मक्सच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये करायचं. अँड्रॉइड 10 पासून तर गूगलने नियम आणखी आवळला. नव्या नियमांनुसार बांधलेल्या ॲपला आपल्याच घरात लिहिलेली फाइलसुद्धा चालवता येत नाही. टर्मक्सची प्ले स्टोअरवरची आवृत्ती मागे पडली आणि लोक एफ-ड्रॉइडकडे वळले, ते यामुळे. सुरक्षेचं कारण खोटं नाही. पण स्वतः लिहिलेला प्रोग्राम स्वतःच्या फोनवर चालवणारा विद्यार्थी त्यात संशयितासारखा उभा राहतो, हे आम्हाला खटकतं. असो.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे डिप्लोमा, बीसीए, बीएस्सी, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, कुठेही बघा, सीचं शिक्षण वर्षानुवर्षं टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर झालं. बोरलँडचा तो कंपायलर 1990च्या आसपासचा, डॉसवर चालणारा, 16 बिटांचा. तो आपल्या काळात उत्तमच होता. पण गाइडं त्याच्यावर बेतली गेली आणि पुढे नुसती छापली जात राहिली. आता कल्पना करा, गावाकडे सुट्टीत आलेली एक मुलगी आहे. घरी संगणक नाही, रेंज अंगणात गेलं तर येते. तिच्याकडे फोन आहे, क्लँग आहे आणि हे गाइड आहे. ती पहिल्या पानावरचा सी प्लस प्लसचा प्रोग्राम जसाच्या तसा उतरवते. 'आयओस्ट्रीम डॉट एच' ही फाइल सापडत नाही. 'कोनिओ डॉट एच' सापडत नाही. 'क्लरएससीआर' कोण ते माहीत नाही. आणि 'व्हॉइड मेन' लिहिलंय, तर क्लँग स्पष्ट सांगतो की मेनने इंटच परत द्यायला हवा. दहा ओळींच्या प्रोग्रामात चार एरर. ती काय समजेल? आपलं चुकलं, किंवा फोनवर हे जमत नाही.

खरं तर फोन बरोबर आहे आणि गाइड चूक आहे. सी प्लस प्लसचं आयएसओ प्रमाण 1998 साली आलं, त्यात 'डॉट एच' शेपटीचा आयओस्ट्रीम नाहीच. कोनिओ तर भाषेचा भाग कधीच नव्हता, ती डॉसवरच्या कंपायलरांची सोय होती. हे तिला सांगणारं शेजारी कोणी नाही, आणि नेटही नाही. ऑफलाइन शिकणाऱ्याचं नुकसान होतं ते इथे. ज्याच्याकडे नेट आहे तो एरर शोधून पाच मिनिटांत सुटतो.

पुढची पानं बघू. "इंटमध्ये 32767 ठेवून एक मिळवा, उत्तर काय?" गाइडचं उत्तर उणे 32768. फोनवर 32768 येतं, कारण इथे इंट चार बाइटांचा आहे, टर्बोमध्ये दोन बाइटांचा होता. भाषेच्या नियमात दोन्ही बसतं. चूक प्रश्नात आहे. कुठल्या यंत्रावर, हे त्यात सांगितलेलंच नाही. मग तो 'आय प्लस प्लस, अधिक, प्लस प्लस आय' या जातीचा प्रश्न. मुलाखतीत विचारला जातो, परीक्षेत विचारला जातो, त्यावर तासन् तास वाद होतात. क्लँग त्यावर वॉर्निंग देतो की एकाच चलाचे एकाहून जास्त बदल होताहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला नाही. म्हणजे या प्रश्नाला उत्तरच नाही. एक मार्क मात्र आहे.

आता ज्या उदाहरणासाठी आम्ही हा विषय घेतला त्याकडे येतो. फाइलमधलं एक एक अक्षर वाचायचं आणि छापायचं, असा प्रोग्राम. बऱ्याच गाइडांत तो असा असतो: 'कॅर सी' असा चल घ्यायचा, 'गेटकॅर'ने अक्षर त्यात भरायचं, आणि ते ईओएफ होईपर्यंत फिरत राहायचं. लॅबच्या संगणकावर हा प्रोग्राम चालतो. फोनवर तोच प्रोग्राम, तीच फाइल, आणि तो थांबतच नाही. फाइल संपल्यावरही पडद्यावर कचरा ओतत राहतो. मुलगी व्हॉल्यूमचं खालचं बटण आणि सी दाबून त्याला मारते. टर्मक्समध्ये ते बटण कंट्रोलचं काम करतं.

असं का होतं? ईओएफ म्हणजे इथे उणे एक. लॅबमधल्या इंटेल जातीच्या प्रोसेसरवर साधा कॅर हा चिन्हासहित धरतात, त्यात उणे एक मावतो, तुलना जुळते, फेरा थांबतो. तिथेही खरं तर तो अर्धवटच बरोबर आहे, कारण फाइलमध्ये 255 हा बाइट आला तर मध्येच थांबेल. फोनमध्ये प्रोसेसर एआरएम जातीचा. तिथे अँड्रॉइडवर कॅरला चिन्ह नसतं. उणे एक त्यात भरला की 255 होतो. 255 आणि उणे एक कधीच सारखे नसतात, म्हणून फेरा अनंत. भाषेने दोन्ही पद्धतींना मोकळीक दिलेली आहे. उपाय एका शब्दाचा: कॅरच्या जागी इंट.

गंमत अशी की हे काही गुपित नव्हतं. कर्निघन आणि रिची यांच्या मूळ पुस्तकात, पहिल्याच प्रकरणात, चल इंट का घ्यायचा ते कारणासकट दिलेलं आहे. ते पुस्तक 1978चं. मधल्या वाटेवर गाइडांनी कारण गाळलं, मग इंटही गाळला, आणि टर्बोवर चालतंय ना, मग झालं. (मूळ पुस्तकही आज जसंच्या तसं चालत नाही, बरं का. त्यात मेनच्या आधी प्रकार लिहिलेलाच नाही. क्लँगच्या 16व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2023पासून, ते डिफॉल्ट एरर आहे.)

यावर काही जण एक तोड सुचवतात. अँड्रॉइडवर डॉसबॉक्स चालतो, त्यात टर्बो सी टाका, गाइडमधलं सगळं चालेल. चालेल, नक्की चालेल. पण मग हातातल्या 64 बिटांच्या यंत्रात तिने 16 बिटांचं जुनं यंत्र उभं करायचं, ते कशासाठी? पुस्तकाची चूक झाकायला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कोणी हे केलं तर आम्ही दोष देणार नाही. शिकण्याची रीत म्हणून मात्र आमचा विरोध आहे.

एका बटणाच्या ॲप्सबद्दलही तक्रार आहे, जरा सौम्य. बोटांना ती सोपी पडतात. महिरपी कंस आणि अर्धविराम शोधत कीबोर्डची पानं उलटावी लागत नाहीत, हे मोठं सुख आहे. पण कंपाइल करणं आणि चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात दिसत नाही. वॉर्निंग प्रोग्राम अडवत नाही, त्यामुळे नजर थेट आउटपुटकडे जाते. आणि वरच्या कॅरच्या प्रोग्रामात क्लँगने वॉर्निंग दिलेली असते, की ही तुलना नेहमीच खरी ठरणार आहे. सगळं उत्तर त्या एका ओळीत होतं. टर्मक्समध्ये ती ओळ समोर पडून राहते, पुढची आज्ञा तुम्ही देईपर्यंत. म्हणून सुरुवात अवघड असूनही आमचं मत टर्मक्सकडे झुकतं.

ती ओळ इंग्रजीत असते, हा आक्षेप रास्त आहे. क्लँग मराठी बोलत नाही. पण नेहमी भेटणाऱ्या वॉर्निंग आणि एरर मिळून वीस-पंचवीस असतील. त्या प्रत्येकीचा मराठीत अर्थ, त्या का येतात, आणि गाइडमधली कुठली ओळ त्यांना कारण ठरते, एवढं चार पानांत मावतं. अशी चार पानं कुठल्याही गाइडच्या शेवटी आम्हाला अजून दिसलेली नाहीत, आणि नवीन आवृत्तीच्या नावाखाली मुखपृष्ठ मात्र दर वर्षी बदलतं.

तोपर्यंत, वायफाय मिळेल त्या दिवशी क्लँगबरोबर 'मॅन' आणि 'मॅनपेजेस' हीही पॅकेजं उतरवून ठेवा. मग नेट नसताना 'मॅन 3 गेटकॅर' असं लिहिलं की माहितीचं पान उघडतं. त्यात गेटकॅर काय परत देतो ते लिहिलेलं आहे: इंट.