तीन स्वरांचा मुक्काम

नीरा आणि भीमा जिथे एकमेकींना मिळतात, त्या नरसिंहपुरास मी नृसिंहजयंतीच्या उत्सवासाठी गेलो होतो. दुपारी देऊळ निवांत असे, आणि बहिणीच्या घरी माडीवर भाचा गिटार घेऊन बसे. पाठ ठरलेला : आधी मेजर ट्रायड, म्हणजे सा, ग, प, तळाचा स्वर बदलून तिन्ही परींनी, मग एकामागून एक मोड. दुसऱ्या दिवशी मी वैतागून त्याला म्हणालो, "अरे, हा रियाज नव्हे, ही बोटांची कवायत आहे." ते बोलणे अर्धेच खरे होते. उरलेले अर्धे इथे मांडतो.

सा-ग-प ही त्रयी परकी आहे, असे निदान आपण तरी म्हणू नये. मालश्री रागाचा सारा डोलारा याच तीन स्वरांवर उभा आहे. तीव्र मध्यम आणि निषाद तिथे आले तरी पाहुण्यासारखे येतात. तानपुऱ्याचा खर्ज नीट जुळला की न छेडलेला गंधार आपोआप कानी येतो. गिटारच्या तिसऱ्या तारेला षड्ज मानले, तर चौथी, तिसरी आणि दुसरी या मोकळ्या तारांतून प, सा, ग निघतात. बोट लावावेच लागत नाही.

मग फरक कुठे पडतो? मुक्कामात. मालश्री गाणारा या तीन स्वरांत घर करून राहतो. भाच्याची बोटे मात्र पहिला झंकार विरण्याआधीच पुढच्या पडद्यावर पोचलेली असत. दोष ट्रायडचा नव्हे. तो न ऐकता पुढे जाण्याचा आहे, आणि पाठ केलेले पलटे घोकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांतही तो तितकाच आढळतो.

पडद्यांचा आक्षेप मात्र खरा आहे. गिटारवर सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात. त्यामुळे तिचा गंधार तानपुऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा असतो. पण हाच दोष पेटीतही आहे. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दाराबाहेर ठेवले. आपल्या कीर्तनकारांनी तिला कधीच दूर केले नाही. जो न्याय पेटीला, तोच गिटारला द्यावा.

मोडचा प्रश्न अधिक नाजूक आहे. शुद्ध स्वरांचे सप्तक क्रमाने एकेका स्वरापासून सुरू केले की बिलावल, काफी, भैरवी, कल्याण, खमाज आणि आसावरी हाती येतात. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा. आपल्या जुन्या मूर्च्छनेची कल्पनाही हीच. परंतु रिषभापासून नुसते वाजवत गेल्याने काफी होत नाही. कानात जुना षड्ज तसाच बसलेला असतो. बिलावलच मधून सुरू केल्यासारखा वाटतो. षड्ज हलला पाहिजे, आणि तो बोटांनी हलत नाही.

संध्याकाळी मी भाच्याला म्हटले, "डीपासून वाजवतोस ना? मग डीची चौथी तार मोकळी घुमत ठेव, आणि सावकाश ये." त्याने तसे केले. कोमल गंधार आला तसा तो थांबला, पुन्हा मागे गेला, पुन्हा त्याच स्वरावर आला. त्या दिवशी पुढचा पाठ झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, "मामा, आणि निषादापासून?" मी म्हणालो, "त्याला शुद्ध पंचम मिळत नाही. आमच्याकडे त्याचा थाट नाही."

त्याने दुसरी तार घुमत ठेवली आणि ते सप्तक सावकाश वाजवू लागला. कीर्तनाची वेळ होत आली होती, तरी मी माडीवरून उठलो नाही.