रिंगण, जत्रा आणि तालीम : 'कार्निव्हल' संकल्पनेच्या उपयोजनाची एक मर्यादा

मिखाइल बाख्तिन यांची 'कार्निव्हल' ही संकल्पना मराठी समीक्षेत रुजली, तेव्हा तिला 'जत्रा' हा देशी पर्याय सहज सुचला. या पर्यायाने तमाशा, सोंगे, लोकोत्सव यांच्या आकलनाला निश्चितच चालना दिली. परंतु त्याच ओघात जत्रेच्या मैदानावर तंबू ठोकणारी सर्कसही 'कार्निव्हल'च्या कक्षेत ओढली गेली. विदूषक, विचित्र देह, उलटेपालटे जग ही लक्षणे दोहोंत दिसतात म्हणून दोहोंची प्रकृती एकच, असे हे अनुमान आहे. ते तपासून पाहण्याची गरज आहे.

रॅबेलेविषयीच्या आपल्या ग्रंथात बाख्तिन यांनी घातलेली मूलभूत अट अशी, की कार्निव्हलमध्ये रंगमंच आणि प्रेक्षागार ही विभागणी नसते. लोक कार्निव्हल पाहत नाहीत, ते जगतात. सर्कशीचा पाया मात्र नेमका या विभागणीवरच उभा आहे. फिलिप अ‍ॅस्टली यांनी १७६८ साली लंडनमध्ये घोडेस्वारीचे खेळ सुरू केले. धावत्या घोड्याच्या पाठीवर तोल सावरून उभे राहण्यास वर्तुळाकार गती साहाय्यभूत ठरते, हे हेरून त्यांनी वर्तुळात खेळ मांडले आणि पुढे ४२ फूट व्यासाचे वर्तुळ रूढ झाले. सर्कशीचे रिंगण असे घोड्याच्या गतीतून आणि मानवी देहाच्या तोलातून सिद्ध झालेले आहे. त्याच्या आत कौशल्य असते आणि बाहेर तिकीट काढून बसलेली नजर.

घोडा आणि वर्तुळ यांची दुसरी एक जुळणी मराठी मनाला अधिक जवळची आहे. आषाढी वारीतील गोल रिंगणातही घोडे धावतात. त्यातील एकावर स्वार असतो, दुसरा माउलींचा म्हणून मोकळा धावतो. अश्वांची दौड संपताच कडेचे वारकरी त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावतात आणि त्याच वर्तुळात खेळ मांडतात. येथे कडेला उभा असलेला माणूस प्रेक्षक नसतो, त्याची पाळी यायची असते एवढेच. बाख्तिन यांची अट पुरी होते ती या रिंगणात. सर्कशीच्या रिंगणात प्रेक्षकाची पाळी कधीच येत नाही.

जत्रेचे मैदान या दोन टोकांच्या मध्ये पसरलेले असते, आणि म्हणूनच 'जत्रा' ही एकसंध संज्ञा समीक्षेला पुरत नाही. आकाशपाळण्यात बसणारा माणूस पैसे मोजून स्वतःच्याच देहाला भय देतो. तेथे पाहणारा आणि पाहिला जाणारा एकच असतो. हसऱ्या आरशांच्या तंबूत तो स्वतःच्याच विद्रूपतेला हसतो. 'मौत का कुआँ'मध्ये मात्र सीमा पुन्हा उभी राहते. फळ्यांच्या भिंतीवरून मोटारसायकल गरगरत वर येते, काठावरून ओणवा झालेला प्रेक्षक नोट पुढे धरतो आणि स्वार ती भरवेगात टिपतो. निमिषभर सीमा ओलांडली जाते खरी, परंतु ती पैशाच्या हाताने. मुक्तीचा आभास आणि श्रमाचा मोबदला या एकाच कृतीत गुंतलेले असतात.

पॉल बुइसाक यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात सर्कशीचा चिन्हमीमांसेच्या अंगाने विचार केला. कलावंताची ओळख, पात्रता सिद्ध करणारी कसोटी, मुख्य कसोटी, गौरवाची अखेरची कसोटी आणि टाळ्यांची पावती, असा त्यांनी दाखविलेला क्रम कथनाच्या व्याकरणासारखा बांधीव आहे. मात्र या व्याकरणाच्या मागे असलेली एक गोष्ट रिंगणात दिसत नाही. ती म्हणजे 'तालीम'. हा शब्द मराठीत गायकाच्या शिक्षणाला, पैलवानाच्या आखाड्याला आणि नाटकाच्या सरावाला सारखाच लागू होतो. १८८० साली 'ग्रेट इंडियन सर्कस' उभारणारे विष्णुपंत छत्रे हे अश्वविद्येत निष्णात होते, तसेच ग्वाल्हेरच्या हद्दू खाँ यांच्याकडे गाणे शिकलेले होते. हद्दू खाँ यांचे पुत्र रहिमत खाँ यांनाही त्यांनीच आपल्या सर्कशीबरोबर फिरविले. घोड्याची दौड आणि ख्यालाची तान एका तंबूच्या आश्रयाला आली, हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे. दोहोंना जोडणारा धागा उत्सवाचा नसून तालमीचा आहे.

या दृष्टीने पाहता सर्कशीतील जोकरही वेगळा दिसू लागतो. संस्कृत नाटकातील विदूषक आणि तमाशातील सोंगाड्या यांचे शस्त्र वाणी हे आहे. राजाला किंवा पाटलाला उलट बोलण्याची मुभा त्यांना असते. जोकर बहुधा उलट बोलत नाही, तो पडतो. बिनचूक पडण्यासाठी त्याला कसरतपटूइतकीच तालीम लागते आणि ती लपविण्यासाठी आणखी थोडी. त्याच्या खुज्या देहाला जे हसू मिळते, ते त्याची नोकरी असते. त्याला सत्तेचा उपहास करणारा बंडखोर ठरविणे म्हणजे त्याच्या श्रमावर आपल्या सिद्धान्ताचा मुखवटा चढविणे होय.

सर्कशीतील माणसाच्या दृष्टीने लिहिल्या गेलेल्या मोजक्या मराठी संहितांपैकी एक म्हणजे दामू धोत्रे यांचे भानू शिरधनकरांनी शब्दबद्ध केलेले 'वाघ सिंह माझे सखे सोबती' हे आत्मकथन. पुण्यात १९०२ साली जन्मलेला, मामांच्या सर्कशीत वाढलेला हा माणूस पुढे अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीपर्यंत पोहोचला. या पुस्तकाचे वाचन आजवर बहुधा साहसकथा म्हणून होत आले. वस्तुतः त्याच्या शीर्षकातच पेच आहे. ज्याला आज्ञा द्यायची त्यालाच सखा म्हणायचे, हा तालमीच्या नात्यातला अंतर्विरोध आहे. गुरुशिष्यांच्या नात्यात तो असतो, पिंजऱ्यात तो अधिक उघडा पडतो. शिवाय अनुभव एकाचा आणि लेखणी दुसऱ्याची असल्याने या कथनातला 'मी' नेमका कोणाचा, हा प्रश्नही उरतो. बाख्तिन यांचा उपयोग करायचाच, तर तो येथे, त्यांच्या दुहेरी स्वराच्या विचाराच्या आधारे अधिक फलदायी ठरेल.

तालमीचे गौरवीकरण करून भागणार नाही. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबटा आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी आणली व २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य ठरविली. २०११ साली त्याच न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यास मनाई करणारी अधिसूचना काढण्याचे निर्देश केंद्र शासनाला दिले. रिंगणाबाहेर न दिसणारी तालीम कोणाच्या देहावर आणि कोणत्या किमतीला घडत होती, हा प्रश्न कायद्याने विचारला. सर्कशीत केवळ मुक्तीचा उत्सव पाहणाऱ्या समीक्षेला तो विचारता आला नाही, कारण उत्सवात श्रमिक नसतो.

'तारेवरची कसरत', 'राजकारणाची सर्कस' हे वाक्प्रयोग मराठीत रुळले आहेत आणि तंबू विरळ होत असतानाही ते टिकून आहेत. रूपक राहावे आणि त्यातला माणूस नाहीसा व्हावा, ही भाषेची नेहमीची रीत असेल. समीक्षेनेही तीच रीत पत्करावी काय, हा खरा प्रश्न आहे. जत्रा, वारी आणि सर्कस यांना एका संज्ञेखाली आणण्यापूर्वी रिंगणाच्या कडेला कोण उभे आहे आणि आत कोण राबत आहे, एवढे तरी पाहिले गेले पाहिजे.