देहाची रेषा आणि देहाचा भार

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात 'मरणोन्मुख राजकन्या' या नावाने प्रसिद्ध असलेले एक भित्तिचित्र आहे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी त्याची तुलना इटलीच्या थोर चित्रकारांशी केली आणि भाव प्रकट करण्याच्या बाबतीत हे चित्र कोणापुढेही उणे ठरणार नाही, असा कौल दिला. रेखाटनाचा मान मात्र त्यांनी फ्लॉरेन्सकडेच ठेवला. शंभराहून अधिक वर्षे हा कौल कौतुकाने सांगितला जात आहे. परक्याने केलेली स्तुती म्हणून आपण तिचा पूर्वार्ध मिरवतो आणि उत्तरार्धाकडे काणाडोळा करतो. माझे म्हणणे त्या उत्तरार्धाविषयी आहे. भाव एकीकडे आणि रेखाटन दुसरीकडे, अशी वाटणी मानवाकृतीच्या बाबतीत करता येते का? ती करता येते असे गृहीत धरल्यामुळेच माणूस काढायला शिकवण्याची आपली रीत पहिल्याच धड्यात वाट चुकते, असे मला वाटते.

चित्राचा विषय अभ्यासकांनी ओळखलेला आहे. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद संघात गेला. त्याने उतरवलेला मुकुट घेऊन सेवक घरी आला आणि तो मुकुट पाहताच नंदाची पत्नी सुंदरी कोसळली. चित्रकाराने निवडलेला क्षण कोसळण्याचा नाही आणि कोसळून पडल्यानंतरचाही नाही. मान कलली आहे, पापण्या मिटत आल्या आहेत, हाताची बोटे सैल सुटली आहेत. मागची दासी तिला धरून आहे. ती अजून बसलेली आहे; परंतु स्वतःला पेलणे तिने सोडून दिले आहे. तिच्या देहाचा सारा भार आता दासीच्या हातांवर गेला आहे, आणि हे आपल्याला तिच्या चेहऱ्यावरून कळण्याआधी तिच्या मानेच्या आणि खांद्याच्या रेषेवरून कळते. ती रेषा जरा ताठ असती, तर चेहऱ्यावर कितीही दुःख रंगवून उपयोग झाला नसता. मग ग्रिफिथ्स यांनी ज्याला भाव म्हटले, तो रेखाटनावाचून आला कोठून?

ग्रिफिथ्स यांच्याविषयी अनादर दाखवण्याचा हेतू येथे नाही. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन या लेण्यांत हंगामामागून हंगाम काढले आणि शेकडो प्रतिकृती करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजींसारखा चित्रकार या कामात तयार झाला. त्यांच्या आधी १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्मसात झाल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्याही कित्येक प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. तरीही त्यांनी नेट सोडला नाही आणि १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. (प्रतिकृती करताना मूळ चित्रांवर जे वार्निश चढवले गेले, ते पुढे पिवळे पडले, हेही सांगितले पाहिजे. प्रेमानेही इजा होते.) प्रश्न त्यांच्या निष्ठेचा नाही, त्यांच्या शिक्षणाचा आहे. त्या काळच्या कलाशाळेत मुलगा प्रथम ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींसमोर बसे. पुतळा हलत नाही, दमत नाही, श्वास घेत नाही. त्याच्यावरून प्रमाण शिकता येते, छायाप्रकाश शिकता येतो. आधी निर्दोष देह उभा करायचा आणि मागाहून त्याला हालचाल द्यायची, हा क्रम त्या पद्धतीत अंगभूत होता. १९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्याकडे शाळेची सूत्रे आल्यावर जिवंत व्यक्तीवरून अभ्यासाचे वर्ग सुरू झाले. ती मोठीच सुधारणा होती. पण तेथेही समोरचा माणूस बैठक देऊन स्थिर बसलेलाच असे.

याच्या उलट क्रम आपल्या परंपरेत सांगितलेला आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात वज्र राजाला मूर्ती घडवण्याची विद्या हवी असते. मार्कंडेय ऋषी त्याला म्हणतात, आधी चित्र समजले पाहिजे. चित्रासाठी नृत्य समजले पाहिजे. आणि नृत्यासाठी वाद्य व गीत. शेवटी राजाला गाण्यापासून सुरुवात करावी लागते. हा संवाद आपण बहुधा सांस्कृतिक अभिमानापोटी उद्धृत करतो. मला तो अगदी व्यवहारातला अभ्यासक्रम वाटतो. त्या ग्रंथात मापे नाहीत असे मुळीच नाही: हंस नावाच्या पुरुषाची उंची एकशे आठ अंगुळे धरली आहे, उभे राहण्याची नऊ स्थाने दिली आहेत, वळलेल्या अवयवाचा आकार घटतो-वाढतो त्याचाही विचार आहे. परंतु चित्रकाराची कसोटी म्हणून जे सांगितले आहे, ते मापाच्या पलीकडचे आहे. निजलेला माणूस आणि मेलेला माणूस यांतला फरक ज्याला दाखवता येतो, तो खरा चित्रकार. दोघांची हाडे तीच, स्नायू तेच, मापही तेच. मग फरक कशात आहे?

तो भारात आहे. निजलेला देह आपला भार अंथरुणावर सोपवतो, तरी श्वासाबरोबर त्यातला थोडा पुन्हा उचलून घेतो. मेलेला देह सगळाच टाकून देतो. हालचाल म्हणजे केवळ हातपाय पसरणे नव्हे. भार एका जागेहून दुसऱ्या जागी जाणे म्हणजे हालचाल. पाश्चात्त्य पद्धतीतही हा नियम आहेच: माणूस एका पायावर भार देऊन उभा राहिला की गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा त्या पायाच्या घोट्यापाशी उतरतो, त्या बाजूचे कंबरेचे हाड वर येते आणि त्याच बाजूचा खांदा खाली झुकतो. फरक एवढाच, की तेथे हा नियम पुष्कळ वर्षांच्या अभ्यासानंतर भेटतो आणि अजिंठ्यात तो पहिल्या रेषेत असतो.

पहिल्या लेण्यातील पद्मपाणी पाहावा. चित्राचा खालचा भाग बराचसा नष्ट झाला आहे, पायांचा जवळजवळ पत्ता नाही. तरीही तो कसा उभा आहे हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. कमरेपासून मस्तकापर्यंत वळत गेलेली रेषा न दिसणाऱ्या पायाची जागा दाखवते. नीलकमळ धरलेल्या हातात जोर नाही, कारण कमळाला वजन नसते. सतराव्या लेण्यातील उडणाऱ्या अप्सरेच्या गळ्यातील मोत्यांचे सर एका बाजूला झुकले आहेत. पंख न काढता चित्रकाराने उड्डाण दाखवले ते या दागिन्यांवरून. दुसऱ्या लेण्यातील झोक्यावरची इरंदती अशीच: दोर तिरके झाले आहेत आणि त्यांच्याबरोबर तिचा देहही. हे सारे चित्रकार इसवी सनाच्या पाचव्या शतकातले, वाकाटकांच्या काळातले. त्यांनी शवविच्छेदन पाहिले नसेल. पण माणसे उभी राहताना, झुलताना, खचताना फार जवळून पाहिली होती. त्यांना शरीररचनेशी कर्तव्य नव्हते, ते केवळ आत्मा रंगवत होते, असे म्हणणारा एक भाबडा पक्षही आहे. तोही मला मान्य नाही. अजिंठ्याच्या बोटांत सांधे दिसत नाहीत हे खरे. म्हणून तेथील देह वाऱ्यावर तरंगणारे आहेत असे होत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. जळगाव-धुळ्याच्या शाळांतून एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना दरवर्षी मुले बसतात. त्यांत आपल्या धर्मग्रामांतील मुलेही असतात. 'स्मरणचित्र' म्हणून त्यांनी काढलेले आठवडी बाजार मी हौसेने पाहतो. बाजार कोणत्याही गावचा असो, टोपलीवाली बाई तीच, पिशवीवाला गृहस्थ तोच. स्मरण आहे ते बाजाराचे नव्हे, पाठ केलेल्या आकृतीचे. कला शिक्षक पदविका घेणारा आमच्याकडचा एक तरुण याच्या पुढे गेलेला होता. त्याने काढलेल्या माणसाच्या पोटरीचा स्नायू बरोबर, दंड बरोबर, डोक्याच्या मापाने उंची साडेसात बरोबर. आणि तरीही तो माणूस पाठीमागून टेकू काढला तर पडेल असा. त्याला मी सुचवले ते एवढेच, की महिनाभर रावेर-सावद्याकडे जाऊन केळीचे घड वाहणाऱ्या मजुरांना पाहावे आणि प्रत्येकासाठी तीनच रेषा काढाव्यात: कणा, खांदे, कंबर. पंधरा-वीस किलोंचा घड खांद्यावर आला की तो खांदा नुसता दबत नाही. मान दुसरीकडे जाते, कणा वळतो, कंबर घडाखाली सरकते आणि मोकळा हात लांब होतो. डोक्यावर चुंबळ ठेवून तेच ओझे नेणाऱ्या बाईचा कणा मात्र सरळ राहतो, आणि सगळी हालचाल कमरेखाली उतरते. धुळ्याच्या बाजार समितीत पोते पाठीवर घेणाऱ्या हमालाचे गणित आणखी निराळे. शंभर-दीडशे रेखाटनांनंतर त्या तरुणाची माणसे उभी राहू लागली. स्नायू त्याला येतच होते. आता त्यांना काम मिळाले.

अजिंठ्याची ही शिकवण आपल्या ख्रिस्ती चित्रकलेपर्यंत एका सरळ वाटेने पोहोचली आहे, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. लेडी हेरिंगहॅम यांनी १९०९ ते १९११ च्या दरम्यान अजिंठ्याच्या नव्या प्रतिकृती केल्या, तेव्हा त्यांच्या साहाय्यकांत तरुण नंदलाल बोस होते. पुढे शांतिनिकेतनात त्यांच्याकडे आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांच्याकडे शिकायला आलेल्यांत एक गोमंतकीय कॅथलिक होते: अँजेलो द फोन्सेका, जन्म १९०२. मुंबईच्या कलाशाळेतले शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले होते. नंतर पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी साडी नेसलेली पवित्र मरिया रंगवली, आणि त्याबद्दल गोव्यात स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. १९६७ साली त्यांचे निधन झाले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यातील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.

फोन्सेकांविषयी बोलताना आपण साडीपाशीच थांबतो. साडी नेसवणे सोपे आहे. युरोपीय बैठकीतल्या मरियेला साडी नेसवलेली कॅलेंडरे आपण पाहतोच. फोन्सेकांचे मोठेपण हे, की त्यांची मरिया साडी नेसलेल्या बाईसारखी जमिनीवर बसते. तिचा भार भुईला ठाऊक असतो. परंतु येथे मला त्यांच्याविषयी एक उणीवही नोंदवावीशी वाटते. त्यांच्या चित्रांत बसलेली, ध्यानस्थ, नतमस्तक माणसे मला वारंवार भेटतात; ओझे उचलणारी, ठेचकाळणारी फारच कमी. अजिंठ्याकडून आलेली शांती त्यांनी पुरेपूर घेतली. झोका, नृत्य, कोसळणे यांकडे त्यांचा कल नव्हता. चित्रकाराने आपला स्वभाव सोडावा असे कोणी म्हणणार नाही. मात्र आपल्या उपासनेला ज्या चित्रांची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यासाठी केवळ ध्यानस्थ आकृती पुरत नाही.

ती चित्रे म्हणजे क्रुसाची वाट. चौदा स्थानांपैकी तीन स्थानांवर, तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या, प्रभू येशू पडतो. आपल्या बहुतेक चर्चमधील छापील चित्रांत ही तिन्ही पडणी एकसारखी असतात: एक गुडघा टेकलेला, एक हात जमिनीवर, चेहरा आपल्याकडे वळलेला. क्रमांक खोडले तर कोणते स्थान कोणते हे सांगता येणार नाही. वस्तुतः या तीन घटना तीन निराळ्या देहांच्या आहेत. पहिल्या वेळी सारे ओझे एकट्यावर आहे आणि देहात अजून जोर आहे; माणूस ठेचकाळला की त्याचा हात आपोआप पुढे येतो, तसा तो येईल. दुसऱ्या पडण्याआधी कुरेनेकर शिमोन येऊन गेला आहे. ओझे वाटले गेले, तरी गुडघे राहिले नाहीत. हे पडणे खालून सुरू होते, सावकाश. तिसऱ्या वेळी ठेच लागण्याचीही गरज नाही. येथे हात पुढे येत नाही. मान आधी जाते.

त्या तरुणाने आता ही तीन स्थाने कोळशाने काढायला घेतली आहेत. पहिले पडणे त्याला लवकर साधले. केळीच्या बागेतील बांधावर घसरणारे मजूर त्याने पाहिले होते. दुसऱ्यात शिमोन अधिक चांगला उतरला आहे आणि प्रभू मागे पडला आहे, हे त्याला मी सांगितले व त्याला ते पटलेही. नवव्या स्थानाचे कागद तो सारखे फाडतो आहे. गेल्या आठवड्यात तो एकटाच फर्दापूरला जाऊन सोळाव्या लेण्यात तासभर बसून आला. तेथे उजेड कमी आहे आणि चित्राचा रंगही बराच गेला आहे; पण सुंदरीच्या खांद्याची रेषा अजून वाचता येते, असे तो म्हणाला.