निवड आणि अर्ज : सार्त्र यांच्या एका दृष्टान्ताची फेरतपासणी

ज्याँ-पॉल सार्त्र यांनी २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिस येथे अस्तित्ववादावर जे व्याख्यान दिले, त्यात एका विद्यार्थ्याचा दृष्टान्त येतो. थोरला भाऊ १९४० च्या जर्मन आक्रमणात मारला गेलेला, वडील शत्रूकडे झुकलेले आणि दुःखाने खचलेल्या आईला या मुलाखेरीज आधार नाही. इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रेंच सैन्यात दाखल व्हावे की आईजवळ राहावे? सार्त्र यांचे उत्तर एवढेच, की तू स्वतंत्र आहेस, निवड कर.

प्रस्तुत लेखाचा आक्षेप असा, की हा दृष्टान्त स्वेच्छेने लढू पाहणाऱ्याचा आहे. सक्तीच्या भरतीत निवडीची जागा अर्ज घेतो. ब्रिटनच्या १९१६ च्या लष्करी सेवा कायद्याने कौटुंबिक स्थितीमुळे ओढवणारी गंभीर अडचण हे सूट मागण्याचे एक कारण मानले होते. तथापि निर्णय स्थानिक न्यायाधिकरणाचा असे. सूट कायम, सशर्त अथवा ठरावीक मुदतीची असू शके. अशा ठिकाणी आजारी आईच्या मुलापुढे 'मी काय करावे?' हा प्रश्न उरत नाही. आईचे दुखणे किती गंभीर, तिला पाहणारे दुसरे कोणी आहे का, हे त्याला परक्यांपुढे सिद्ध करावे लागते. मायेचे रूपांतर पुराव्यात होते. पुढे १९२१ मध्ये यांपैकी बहुतेक कागदपत्रे नष्ट करण्यात आली; मिडलसेक्सच्या अपील न्यायाधिकरणासारखे मोजके संग्रह तेवढे राहिले.

आपल्या परंपरेत पुंडलिकासाठी देव विटेवर तिष्ठतो आणि तानाजी कोंढाण्यासाठी मुलाचे लग्न मागे ठेवतो. दिशा परस्परविरुद्ध असली, तरी दोघेही निर्णयाचे धनी आहेत. स्वतंत्र भारतात सक्तीची लष्करभरती नसल्याने अर्जदाराची अवस्था आपल्याला दूरची वाटते. परंतु मुलुंड-घाटकोपरमधील एखादा शिक्षक निवडणुकीच्या कामाचा आदेश हाती पडताच आईचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून सूट मागतो, तेव्हा जिवाची जोखीम वगळता अर्जाचा साचा तोच असतो.

अर्ज करणे हीदेखील निवडच, असे सार्त्र यांच्या बाजूने म्हणता येईल. ते मान्य करूनही एक उणीव उरते : अर्ज नामंजूर झाल्यास आईजवळ कोण राहील, या प्रश्नाला त्या दृष्टान्तात जागा नाही. कर्तव्याच्या चर्चेत निवडणाऱ्याइतकाच विनवणाऱ्याचाही विचार व्हावा, हाच या फेरतपासणीचा निष्कर्ष होय.