‘देवेंद्र कोरवंजी’ : खेळ आणि पाठ

ऑनलाइन अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याचे लक्ष टिकविण्यासाठी गुण, पदके, क्रमवारी यांची जी योजना केली जाते, तिला ‘गेमिफिकेशन’ म्हणतात. तिचे मूल्यमापन करताना तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांचे (१७७७–१८३२) ‘देवेंद्र कोरवंजी’ हे मराठी नाटक उद्बोधक ठरते.

तमिळ कुरवंजीत विरहिणी नायिकेकडे भविष्य सांगणारी भटकी कुरत्ती येते; आपला डोंगर, आपला मुलूख यांचे वर्णन करते आणि मग हात पाहते. ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ या तमिळ रचनेत नायिकेच्या प्रेमाचा विषय खुद्द सरफोजीच आहेत. स्वतःच्या नाटकात मात्र त्यांनी इंद्राणीला नायिका केले आणि कोरवंजीच्या तोंडी जगाचा भूगोल घातला.

हा भूगोल बाहेरून चिकटविलेला नाही. जिने मुलूख पायांखाली घातले तिनेच देश सांगावेत, हा रूपबंधाचाच न्याय आहे. त्यामुळे या नाटकाकडे पाठावर चढविलेला साखरेचा लेप म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. पदके काढून घेतली तरी अभ्यासक्रम तसाच राहतो. येथे कोरवंजी वगळली तर पाठाला वक्ताच उरत नाही.

एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. इंद्राणी ऐकते, तिला उत्तर द्यावे लागत नाही, म्हणून चुकण्याची संधीही मिळत नाही. साध्या डिजिटल प्रश्नमंजूषेतही ती असते. पण लक्ष टिकविण्याची युक्ती पाहावी तर ती वेगळीच आहे : कुरवंजीच्या नायिकेला भूगोल नकोच असतो, प्रियकराची वार्ता हवी असते, आणि ती कळेपर्यंत सारे देश ऐकून घ्यावे लागतात.